अत्याचार करणाऱ्याबद्दल शिक्षकांना शिकवायचं की नाही?

पाटीपेन्सिल | ३ जुलै, रात्री ९:१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवते. गेल्या महिन्यात तालुक्याला बालसंरक्षणाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिला दिवस ओळखीचाच गेला: मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा, १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी, चांगला स्पर्श–वाईट स्पर्श, तक्रारपेटी. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक ताईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं, "त्याला हे जमतं कसं?" आणि संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही फक्त मुलांवर अत्याचार करणाऱ्या माणसाबद्दल बोललो.

डेव्हिड फिंकेलहॉर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये मांडलेली एक रचना त्यांनी समजावली. अत्याचार घडायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, मनात तशी इच्छा. दुसरी, स्वतःच्या मनाची टोचणी गप्प करणं. कधी दारू पिऊन, कधी "मी लाडच तर करतोय" अशी स्वतःची समजूत घालून. तिसरी, मुलाभोवतीची मोठी माणसं बाजूला सारणं किंवा त्यांचा विश्वास कमावणं. चौथी, मुलाचा विरोध मोडणं. मग ताईंनी विचारलं, "तुमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी जे काही चालतं, ते यातल्या कितव्या पायरीवर?" आम्ही गप्प. सगळंच्या सगळं चौथ्या. नाही म्हण, ओरड, पळ, सांग. म्हणजे तीन पायऱ्या तो बिनधोक चढून येणार आणि चौथीवर सात वर्षांच्या पोरीने त्याला अडवायचं.

मला रात्री झोप लागली नाही. पण सगळ्यांचं तसं झालं नाही. दोन गुरुजी जेवणानंतर परत आलेच नाहीत. एक बाई तर उघड म्हणाल्या, "त्या हरामखोराचं मन समजून घ्यायला मी दोन एसट्या बदलून आलेले नाही."

आता आमच्या केंद्रप्रमुखांनी या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, मला पाऊण तास दिला आहे. चाळीसेक शिक्षक असतील. नेहमीचं चांगला स्पर्श–वाईट स्पर्श सांगू की दुसऱ्या दिवसाचं? शिक्षक, पालक, वकील, डॉक्टर, सगळ्यांचं मत हवं आहे.

---

उंबरठा | ३ जुलै, रात्री ९:५८

त्या बाईंशी मी सहमत आहे. "समजून घेणं" हा शब्दच नको. माझ्या लहानपणी हे माझ्याबरोबर झालं आहे, नात्यातल्या माणसाकडून. तो कसा घडला, त्याचं बालपण कसं गेलं, हे मला ऐकायचं नाही. समजून घ्यायचंच असेल तर आधी मुलांना घ्या. मला कोणी घेतलं नव्हतं.

---

नाखवा | ३ जुलै, रात्री १०:२०

उंबरठा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आदर.

आमच्या मुलाच्या शाळेत व्हॅनवाल्या काकांचा पोलीस पडताळणीचा कागद फाइलला लागला की विषय संपतो. त्यापलीकडे कोणी काही विचारत नाही.

---

खाकी_निवृत्त | ४ जुलै, सकाळी ७:०५

पोलीस दलात ३२ वर्षं काढली, म्हणून नाखवा यांच्या मुद्द्यावर बोलतो. पडताळणीत कोण सापडतो? ज्याच्यावर आधी गुन्हा दाखल आहे तो. ज्याची तक्रारच कधी झाली नाही, त्याचा कागद स्वच्छच येणार. पडताळणी करायलाच हवी, पण ती चाळणी फार मोठ्या भोकांची आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे. तीही तपास यंत्रणांनाच पाहता येते आणि तिच्यातही पकडले गेलेलेच असतात.

आता मूळ प्रश्न. नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत मी अशा तक्रारी आल्या की आधी "बदमाश दिसणारा" शोधायचो. रिकामटेकडा, दारुडा, परप्रांतातून आलेला मजूर. एकदा एका गावात क्लास घेणाऱ्या सरांविरुद्ध एक बाई मुलाला घेऊन आल्या. सर गरिबांची पोरं फुकट शिकवायचे, गणपतीत वर्गणीला पुढे, कोणाच्या घरी आजारपण आलं तर रिक्षा घेऊन हजर. तासाभरात ठाण्यासमोर पन्नास माणसं जमली, सगळी सरांच्या बाजूने. "साहेब, देवमाणूस आहे तो." त्या मुलाची आई एकटी बाकावर बसून होती. खरं सांगतो, मीसुद्धा तिच्याकडे संशयाने पाहिलं.

पुढे तपासात आणखी चार मुलं पुढे आली. फुकट शिकवणी फक्त त्यांनाच होती, ज्यांचे वडील घरी नव्हते.

त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की असा माणूस आधी गाव जिंकतो, मग मूल, तर त्या पन्नास माणसांना मी त्याच्या चांगुलपणाचा पुरावा समजलो नसतो. म्हणून पाटीपेन्सिल बाई, दुसरा दिवस सांगा.

---

रातराणी | ४ जुलै, सकाळी ९:३०

अंगावर काटा आला. "फुकट शिकवणी फक्त त्यांनाच"...

---

मांडवीतीर | ४ जुलै, सकाळी ११:१२

खाकी काका, तुमचं वाचून आमच्या गोव्यातला फ्रेडी पीट्स आठवला. मडगावात अनाथ मुलांसाठी घर चालवायचा. माझे बाबा त्याच भागातले. ते सांगतात, लोक त्याला मानायचे, मुलांसाठी आयुष्य वेचणारा माणूस म्हणून ओळखायचे. १९९१ मध्ये अटक झाली तेव्हा घरात मुलांच्या फोटोंचा आणि निगेटिव्हचा ढीग निघाला. परदेशी माणसं तिथे मुलांसाठी यायची. १९९६ मध्ये जन्मठेप लागली आणि तुरुंगातच तो गेला. पुढे २००३ मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, पॉक्सोच्या कितीतरी आधी, त्यात या अनुभवाचा वाटा मोठा.

बाबा अजून एकच वाक्य म्हणतात, "आमी ताका भुरग्यांखातीर पाव व्हरून दिताले." आम्ही त्याच्या घरी मुलांसाठी पाव नेऊन द्यायचो. इतकी वर्षं झाली तरी त्यांना ते सलतं.

---

कोर्टकचेरी | ४ जुलै, दुपारी १:४०

मांडवीतीर यांनी गोव्याचं सांगितलं, मुंबईचंही लक्षात ठेवा. कुलाब्यातल्या अँकरेज या आश्रयगृहाच्या प्रकरणात दोन ब्रिटिश नागरिकांना २००६ मध्ये शिक्षा झाली, २००८ मध्ये हायकोर्टात ते सुटले आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली. रस्त्यावरच्या मुलांना अन्न, कपडे, निवारा देणारे म्हणून त्यांची ओळख होती.

कायद्याचं थोडक्यात, कारण पाऊण तासात हे लागेल.

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्याला आहे, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी मुख्याध्यापकांना सांगू, ते संस्थेला सांगतील, संस्था बैठक घेईल" ही साखळी कायद्यात कुठेच नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि तो संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हे शिक्षकांना आवर्जून सांगा, भीती नेमकी त्याचीच असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कळवलं नाही असा आरोप होता. हायकोर्टाने रद्द केलेला त्यांच्यावरचा गुन्हा २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा उभा केला.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पडताळणी, प्रशिक्षण आणि बालसंरक्षण धोरण सक्तीचं आहे. तुमच्या शाळेचं धोरण लिहिलेलं आहे का, हे पहिल्यांदा विचारा. बहुतेक ठिकाणी पालकसभेच्या वहीसारखं काहीतरी दाखवतात.

आता दुसऱ्या दिवसाबद्दल. उलटतपासणीत दरवेळी येणारा प्रश्न म्हणजे, "इतके महिने ही गप्प का होती? त्याच्याबरोबर जत्रेला का गेली? एकदा नाही म्हणाली, मग पुन्हा हो का?" रोलंड समिट या मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्येच मांडलं होतं की गुप्तता, हतबलता, जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं आणि सांगितलेलं मागे घेणं, हे अत्याचार झालेल्या मुलांत नेहमी दिसतं. म्हणजे ज्या गोष्टीवरून मुलाला खोटं पाडतात, ती त्या माणसाच्या पद्धतीतूनच आलेली असते. ही पद्धत तपास अधिकाऱ्याला माहीत नसेल तर जबाबात ती उतरत नाही. जबाबात नाही ते कोर्टात नंतर कितीही ओरडून सांगा.

---

उंबरठा | ४ जुलै, दुपारी ३:०२

कोर्टकचेरी, "त्याच्याबरोबर जत्रेला का गेली" हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

मी गेले होते. त्याने मला आकाशपाळण्यात बसवलं होतं. आणि घरातल्या सगळ्यांना आनंद झाला होता की दादा पोरीला किती जीव लावतो. आईने बरोबर चकल्यांचा डबा दिला होता.

तीस वर्षं मला वाटत आलं की मी गेले, म्हणजे काहीतरी माझंही होतं.

---

शेवंता | ४ जुलै, दुपारी ३:२०

बाई गं. काही नव्हतं तुझं. काहीही नव्हतं.

---

धुकं | ४ जुलै, संध्याकाळी ६:४५

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. उंबरठा, शेवंताने सांगितलं तेच मीही सांगते. बोलावंसं वाटलं तर इथे किंवा मला व्यक्तिगत निरोपात, तुमच्या गतीने.

दोन-तीन गैरसमज दूर करते, कारण प्रशिक्षणात तेच आडवे येतात.

एक, अत्याचार करणारा प्रत्येक जण मुलांकडेच लैंगिक ओढ असलेला असतो असं नाही. मोठा हिस्सा अशांचा असतो ज्यांना संधी, सत्ता आणि आपण पकडले जाणार नाही याची खात्री मिळते. म्हणूनच संधी बंद करण्याचा उपयोग होतो. सगळेच "राक्षस" असते तर शाळेचे नियम बदलून काय मिळालं असतं?

दोन, सगळे मोठे पुरुषच असतात असं नाही. अमेरिकेत पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या अशा गुन्ह्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अठरा वर्षांखालच्या मुलांकडून झालेले आढळले आहेत. मोठी मुलं आणि लहान मुलं एकत्र राहतात तिथे हे लक्षात ठेवायला लागतं, आणि अशा मुलांना वेळेवर मदत मिळाली तर बहुतेक जण पुन्हा तसं वागत नाहीत.

तीन, "ज्याच्यावर झालं तोच पुढे करतो" हे वाक्य कृपया कोणी उच्चारू नका. लहानपणी सोसलेल्यांपैकी बहुसंख्य माणसं कधीच कुणाला इजा करत नाहीत. या वाक्याने कितीतरी मुलगे तोंड मिटून बसतात. आणि मुलगे कमी नाहीत. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. ५३.२२ टक्के मुलांनी एखाद्या तरी प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून जास्त होते.

शेवटचं. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात २००५ पासून एक प्रकल्प आहे. ज्यांना मुलांबद्दल ओढ वाटते पण इजा करायची नाही, त्यांना तिथे गुप्तपणे उपचार मिळतात. त्यांच्याच सहकार्याने पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात प्रतिबंधाचं काम सुरू झालं. फिंकेलहॉरच्या पहिल्या पायरीवर काम करायचं तर असंच करावं लागतं. लोकांना राग येतो, मला तो समजतो. पण मूल इजेपासून वाचणार असेल तर मी त्या माणसाशी बोलायला बसेन.

---

साबुदाणा_वडा | ४ जुलै, रात्री ८:१०

एवढं सगळं कशाला? प्रत्येक वर्गात, जिन्यात सीसीटीव्ही लावा. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणानंतर सरकारनेही तेच सांगितलं.

---

नाखवा | ४ जुलै, रात्री ८:२५

बदलापूरला आमचे नातेवाईक राहतात. लोक रुळांवर उतरले त्या दिवशी लोकल बंद पडल्या म्हणून ओरडणारे पुष्कळ होते. शाळेत लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण घेऊन जातं, हा प्रश्न त्याआधी कोणी विचारला होता? कॅमेरा असला तरी तो स्वच्छतागृहात लावता येत नाही. तिथे कोण जातं हे ठरवावं लागतं.

---

खाकी_निवृत्त | ४ जुलै, रात्री ९:००

नाखवा बरोबर बोलले. कॅमेरा झाल्यावर उपयोगी, तोही चालू असेल आणि कोणी बघत असेल तर. आणि घरात कुठला कॅमेरा? एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, अलीकडच्या अहवालांत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे.

---

कर्वेनगरचे_आजोबा | ५ जुलै, सकाळी ६:३०

सगळ्यांचं वाचलं. माझं वय ७६. मनात आलं ते लिहितो, कोणी रागावू नये. संध्याकाळी मी सोसायटीतल्या पोरांना गोष्टी सांगतो, कधी खिशातून लिमलेटच्या गोळ्या देतो. परवा एका आईने मुलाला हाताला धरून नेलं. वाईट वाटलं. आता आजोबांनी पोराला मांडीवरही घ्यायचं नाही का? प्रत्येक माया संशयाने बघायची का?

---

शेवंता | ५ जुलै, सकाळी ८:५०

आजोबा, तुम्ही मनातलं मोकळं लिहिलंत ते फार बरं झालं. मला दोन लहान मुलं आहेत, म्हणून मी आईच्या बाजूने सांगते.

आपल्याकडे दिसेल तो माणूस काका, मामा, दादा. शाळेतला शिपाई मामा, व्हॅनवाले काका, वॉचमन काका. नाव लावलं की नातं झालं आणि नातं झालं की राखण उठली. मग पोराला म्हणायचं, "काकांना पापी दे बघू." नको म्हणालं तर "असं करतात का, काका काय म्हणतील?" आपणच शिकवतो की मोठ्यांचं मन राखायला स्वतःचं अंग द्यायचं. पुढे वाईट माणूस आला की त्याला काही शिकवावंच लागत नाही, आपण आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

माया बंद करायची गरज नाही. फक्त ती सगळ्यांदेखत असावी आणि पोराने नको म्हटलं की तिथेच थांबावी. तुम्ही गोष्टी अंगणात, चार बायकांसमोर सांगता. गोळी आईला विचारून द्या. एवढ्याने तुमची माया कमी होणार नाही. उलट ज्याला पोराला एकट्यालाच गाठायचं आहे तो लगेच वेगळा दिसेल.

---

कर्वेनगरचे_आजोबा | ५ जुलै, सकाळी १०:१५

पटलं. आज विचारून दिली. ती माउली हसली आणि दोन गोळ्या घ्या म्हणाली, एक तिला.

---

फळा_खडू | ५ जुलै, दुपारी १२:४०

मी पुरुष शिक्षक आहे. पहिलीचा वर्ग आहे. पोरं पडतात, रडतात, कमरेला मिठी मारतात. अशा प्रशिक्षणानंतर आमच्याकडे सगळे वेगळ्या नजरेने बघतात. एका शाळेत मला सांगितलं होतं की तुम्ही लहान वर्ग घेऊ नका. मन मोडलं होतं माझं. दुसऱ्या दिवसाचं सांगाल तेव्हा आमचंही कोणीतरी बोला.

---

थेम्सकाठ | ५ जुलै, दुपारी ४:३०

फळा_खडू सर, मी मूळची सांगलीची, आता लंडनजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. तुमची व्यथा इथल्या पुरुष शिक्षकांनाही होती.

इथे शाळेतल्या प्रत्येकाला, स्वयंपाकघरातल्या बाईंपासून मुख्याध्यापकांपर्यंत, नेमाने बालसंरक्षणाचं प्रशिक्षण असतं. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो "छोट्या शंकांचा" नियम. २०२१ पासून सरकारी मार्गदर्शनात तो आला. कुणी मुलाला स्वतःचा मोबाईल नंबर दिला, कुणी बंद खोलीत एकट्याला शिकवलं, कुणी एकाच मुलाला सारखी भेट दिली, तर ते गुन्हा म्हणून नव्हे, नुसतं नोंदवायचं. आरोप नाही, चौकशीचा धाक नाही. स्वतःबद्दलही नोंदवता येतं. मी एकदा पावसात एका मुलाला गाडीतून घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते स्वतःच लिहून आले. चांगल्या शिक्षकाला त्याने हलकं वाटतं. ज्याची वही भरत जाते तो माणूस मात्र वेळेवर दिसतो.

हे का आलं, तर शिकत शिकत आलं. २००२ मध्ये सोहम गावात शाळेच्या केअरटेकरने दोन मुलींचा खून केला. आधीच्या गावात त्याच्याविरुद्ध लैंगिक तक्रारी झाल्या होत्या, पण शिक्षा कुठलीच नव्हती, आणि ती माहिती नव्या शाळेपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतर इथली पडताळणीची पद्धत मुळापासून बदलली.

नियम सगळ्यांना सारखे असले की पुरुष शिक्षकाकडे बोट उरत नाही. सर, तुम्ही पहिलीचा वर्ग सोडू नका.

---

फळा_खडू | ५ जुलै, संध्याकाळी ५:०५

"स्वतःबद्दलही नोंदवता येतं." हे फार आवडलं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो.

---

साबुदाणा_वडा | ५ जुलै, संध्याकाळी ५:३०

मी कॅमेऱ्याचा आग्रह मागे घेतो. निदान अर्धा. :)

---

मोहाचं_झाड | ५ जुलै, रात्री १०:५०

मी निवासी आश्रमशाळेत अधीक्षिका होते, नऊ वर्षं. नेटवर्क आता मिळालं म्हणून उशीर.

आमच्याकडे चांगला स्पर्श–वाईट स्पर्श शिकवायला बाहेरून लोक यायचे. चित्रं सुंदर, गाणं सुंदर. पण पावरा या आदिवासी समाजातल्या मुलींना मराठीच नीट कळत नसे, मग "सांग" म्हणजे कुणाला, कुठल्या भाषेत? मुलगी सांगणार त्याच माणसाला, ज्याच्या हातात तिचं जेवण आणि घरी जायची चिठ्ठी.

एका वर्षी आम्ही वेगळंच केलं. मोठ्या कागदावर शाळेचा नकाशा काढला आणि मुलींना सांगितलं, जिथे जायला नको वाटतं तिथे काळा ठिपका द्या. नाव लिहायचं नाही, बोलायचं नाही. बाथरूमच्या मागची वाट, धान्याचं कोठार, आणि एक जागा जी माझ्या स्वप्नातही नव्हती: कार्यालयाबाहेरचा टेलिफोन. घरचा फोन आला की मुलीला रात्री एकटीला बोलवायचे. कोण बोलवायचं ते आम्हाला मग समजलं. तिथून पुढे जे करायचं ते केलं, पोलिसांत गेलो. मला त्याची किंमत मोजावी लागली, बदली झाली. त्याबद्दल तक्रार नाही.

सांगायचं ते हे. त्या टेलिफोनजवळून मी रोज दहा वेळा जायचे. मला मुली कळत होत्या, त्यांच्या आया कळत होत्या. तो माणूस कसा विचार करतो हे माहीत नव्हतं, म्हणून ती जागा दिसली नाही. सुट्टीत घरी न जाणारी मुलगी, आई नसलेली मुलगी, जिला भेटायला कोणी येत नाही ती मुलगी, ही यादी त्याने माझ्याआधी केली होती. ती यादी आधी अधीक्षिकेने करायला हवी.

---

रातराणी | ५ जुलै, रात्री ११:१५

ताई, नकाशाची कल्पना मी आमच्या सोसायटीच्या मुलांबरोबर करणार आहे. बेसमेंट पार्किंगबद्दल मला आत्ताच धास्ती वाटते आहे.

---

उंबरठा | ६ जुलै, सकाळी ५:४०

रात्रभर विचार केला. पहिल्या पोस्टमधलं माझं मत अर्धं बदललं आहे, अर्धं नाही.

त्याचं मन मला अजूनही नको. त्याचं दुःख, त्याचं एकटेपण, तो बर्लिनचा दवाखाना, धुकं ताई, ते तुमचं काम आहे, करा. माझ्यासारखीला तिथे बसवू नका.

पण त्याची पद्धत शिकवा. माझ्या आईला कोणी सांगितलं असतं की पोरीला जीव लावणारा दादा पोरीला एकटीलाच का नेतो, कायम इतर भावंडांना वगळून का, येताना तिला "आपलं गुपित" म्हणून काही का घेऊन देतो, तर आई अडाणी नव्हती. तिला कळलं असतं. ती चकल्यांचा डबा देऊन स्वतःच सोबत आली असती.

पाटीपेन्सिल ताई, "समजून घेणं" म्हणू नका. "ओळखणं" म्हणा.

---

कोर्टकचेरी | ६ जुलै, सकाळी ९:२०

प्रशिक्षणाचं नाव ठरलं. आणि एक सूचना: चाळीस शिक्षकांत उंबरठांसारखं कोणीतरी नक्की बसलेलं असेल. सुरुवातीलाच सांगा की कोणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा, कारण विचारलं जाणार नाही.

---

पाटीपेन्सिल | २१ जुलै, रात्री ८:४५

परिषद काल झाली. तुम्हा सगळ्यांमुळे झाली असंच म्हणते.

कोर्टकचेरींची सूचना पहिल्या मिनिटाला सांगितली. दोन जणी उठून गेल्या, एक वीस मिनिटांनी परत येऊन मागे बसली. "अत्याचार करणाऱ्याला कसं ओळखायचं" असं फळ्यावर लिहिलं आणि लगेच सांगितलं की चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, वागण्याच्या क्रमावरून येतं. चार पायऱ्या काढल्या. खाकी काकांचे क्लासवाले सर सांगितले, गावाचं नाव न घेता. मग प्रत्येक शाळेला कोरा कागद देऊन आपल्या शाळेचा नकाशा काढायला लावला आणि विचारलं, तुम्हाला वाईट हेतू असता तर तुम्ही कुठली जागा, कुठली वेळ, कुठलं मूल निवडलं असतं? पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरची वेळ. किल्ली एकाकडेच असते." त्यानंतर थांबवावं लागलं एवढं लोक बोलले. शालेय पोषण आहाराचं कोठार, स्पर्धेला तालुक्याला नेताना कोणाच्या मोटारसायकलवर कोण बसतं, गुणदर्शनाच्या वेळी कपडे बदलायची खोली.

मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत असायला हवी. अकरा शाळांपैकी तीन ठिकाणी समितीतल्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत होतं. ते आता ठीक करतो आहोत. छोट्या शंकांची वही आमच्या शाळेने सोमवारपासून सुरू केली. पहिली नोंद माझ्याच नावाची आहे: एका मुलीला सुट्टीनंतर वर्गात एकटीला थांबवून गणित शिकवलं, दार लोटलेलं होतं.

"दोन एसट्या बदलून आलेले नाही" म्हणणाऱ्या त्या बाई आमच्याच केंद्रातल्या आहेत. शेवटपर्यंत थांबल्या. जाताना नकाशाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, अंगणवाडीच्या सेविकांसाठी हेच कराल का, जागा मी देते.

---

मोहाचं_झाड | २१ जुलै, रात्री ९:३०

अंगणवाडीला जाल तेव्हा नकाशावर घरंही घ्या. कुठल्या घरी दुपारी मूल कोणाकडे असतं ते सेविकेला तोंडपाठ असतं.

---

उंबरठा | २१ जुलै, रात्री ११:०५

ती परत येऊन मागे बसली ती बाई. तिला सांगाल का, की मी आहे म्हणून? माझा आयडी द्या.